पुढचं चाक वाचवा: लहान विमान उतरवायला शिकणाऱ्यांसाठी

नवीन विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यातच मी त्याला हँगरमध्ये नेतो आणि सेसना 172 च्या नाकाखाली गुडघ्यांवर बसवतो. पुढचं चाक ज्या नळीवर उभं असतं ती नळी वर कुठे जाते, ते हाताने चाचपून बघायला सांगतो. ती जाते फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत. मग त्याला मागच्या चाकांकडे नेतो. ती जाड पोलादी पायांवर आहेत. दणका बसला की पाय फाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. पुढच्या चाकाचं तसं नाही. त्याच्या नळीत थोडं तेल आणि दाबलेली हवा असते. तिची ताकद संपली की पुढचा सगळा मार त्या पत्र्यावर जातो. पत्रा सुरकुततो, नळी वाकते, नाक खाली येतं, फिरता प्रोपेलर डांबराला लागतो. प्रोपेलर लागला म्हणजे इंजिनही उघडून तपासावं लागतं. एका सेकंदाची चूक, आणि विमान कित्येक महिने जागेवर.

लहान विमानांच्या लँडिंगमध्ये मोडतोड होते ती बऱ्याच वेळा अशीच. माणसं सहसा वाचतात. जीव घेणारी चूक वेगळी आहे, ती धावपट्टीच्या आधी, शेवटच्या वळणावर होते. या दोन्ही चुका एकाच मुळाच्या आहेत असं मला इतकी वर्षं शिकवून वाटतं. बिघडलेला उतार वैमानिकाला बिघडलेला दिसत असतो, तरी तो त्याला दुरुस्त करत करत जमिनीपर्यंत नेतो. हा लेख त्यावरच आहे.

धुळे, शिरपूर, गोंदिया किंवा नागपूरला शिकणारी मुलं असोत, नाहीतर फ्लोरिडात आणि दक्षिण आफ्रिकेत शिकायला गेलेली आपली मुलं असोत, ज्यांना स्टुडंट पायलट लायसन्स मिळालंय आणि सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडणं, अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी मी लिहितोय. खालचे आकडे सेसना 172 एसचे आहेत. तुमच्या विमानाच्या हँडबुकमध्ये वेगळे असतील, तर तेच पाळा. इन्स्ट्रक्टर जे सांगतात ते या लेखाच्या वर.

चाकं फिरायच्या आधी

लँडिंगची तयारी टेक-ऑफच्या आधी, ब्रीफिंगच्या टेबलावर करायची. ज्या धावपट्टीवर उतरायचं तिची लांबी किती, वारा कुठून, तापमान किती, विमानाचं वजन किती. मग हँडबुकमधला लँडिंगचा तक्ता काढायचा. समुद्रसपाटीला, प्रमाण (हिशेबासाठी ठरवलेल्या) हवेत, पूर्ण वजनात 172 एसला 50 फुटांचा अडथळा ओलांडून थांबायला 1,335 फूट लागतात. त्यातलं जमिनीवरचं पळणं फक्त 575 फूट. मुलं हे वाचून निर्धास्त होतात, कारण आपल्याकडच्या शिकाऊ धावपट्ट्या याच्या कितीतरी पट लांब आहेत. पण त्याच तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत टिपा असतात. मागून येणाऱ्या वाऱ्याच्या दर 2 नॉटमागे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अंतर 10 टक्क्यांनी वाढवा, असं त्यात लिहिलंय. 6 नॉटचा वारा मागून असेल तर 1,335 चे 1,735 झाले. समोरून वारा असेल तर 10 टक्के कमी व्हायला मात्र 9 नॉट लागतात. मागचा वारा जेवढं घेतो तेवढं समोरचा वारा देत नाही. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करा, मग विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघायची आठवण कुणाला करून द्यावी लागणार नाही.

आणि हे आकडे कसलेल्या वैमानिकाने, नव्या ब्रेकवर, बरोबर वेगात उतरून काढलेले असतात. नवशिक्याने त्यात निम्मी भर घालावी असं माझं मत आहे.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 1,000 फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान 13 अंश धरतात. मे महिन्यातल्या दुपारी तिथे 43 अंश असेल तर फरक झाला 30 अंशांचा. दर अंशाला 120 फूट धरले तर हवेची घनता सुमारे 4,600 फुटांवर असावी तशी होते. विमानाला आपण हजार फुटांवर आहोत हे कळत नाही, त्याला विरळ हवा कळते. काट्यावर 65 नॉट असले तरी हवेतला खरा वेग 70 च्या आसपास असतो. म्हणून जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे सरकताना दिसते. इथे नवशिक्या फसतो. डोळ्याला वेग जास्त वाटतो म्हणून तो नाक उचलतो, आणि काट्यावरचा वेग खरोखरच कमी होतो. उन्हाळ्यात डोळ्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. इंजिनची ताकदही त्याच हवेत कमी झालेली असते, म्हणून गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, करायची वेळ आली तर विमान हळू चढणार, हेही आधीच लक्षात ठेवा.

एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर वळवाचे ढग दिसू लागले तर सोलोला जाऊ नका. वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो आणि दोन मिनिटांत दिशा बदलतो. सकाळी सात ते दहा ही शिकायची वेळ. हवा शांत असते, हात स्थिर असतो, चूक झाली तर ती आपलीच असते आणि म्हणून दुरुस्त करता येते.

सर्किटमध्ये

उतरण्याआधी धावपट्टीलगत जी चौकोनी फेरी मारतात ती सर्किट. तिची धावपट्टीला समांतर बाजू म्हणजे डाउनविंड, तिच्यापासून काटकोनात वळणारी बेस, आणि धावपट्टीच्या रेषेतली शेवटची फायनल. डाउनविंड लेग जमिनीपासून 1,000 फुटांवर उडायचा. उंच पंखाच्या सेसनात पंखाला आधार देणारी तिरकी दांडी असते. धावपट्टी त्या दांडीच्या मध्यावर दिसली की अंतर बरोबर. फार जवळ असाल तर पुढची वळणं घाईची होतील. माझ्या अनुभवात बिघडलेल्या लँडिंगचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं: डाउनविंड जवळ होता, बेस तोकडा झाला, उंची जास्त राहिली, मग नाक खाली घातलं, मग वेग वाढला.

डाउनविंडवरच चेक पूर्ण करा. ब्रेक, फ्युएल, मिक्स्चर (इंधन आणि हवेचं मिश्रण), पट्टे. चाकं आत घेता येणारं विमान असेल तर चाकं खाली, आणि पुन्हा एकदा फायनलवर हिरवे दिवे मोजून. खांद्यावरचा पट्टा हलका दाबून बघा. कमरेचा पट्टा सगळे लावतात, खांद्यावरचा सैल ठेवतात. लहान अपघातात डोकं पॅनेलवर आपटणार की नाही ते खांद्याचा पट्टा ठरवतो.

टच-डाउनची जागा पंखाच्या रेषेत आली की पॉवर कमी, पहिला फ्लॅप (पंखाच्या मागची खाली झुकणारी झडप). ती जागा खांद्यामागे 45 अंशांवर गेली की बेसला वळा.

आता त्या शेवटच्या वळणाबद्दल. इथे थोडं थांबून वाचा.

समजा बेस लेगवर वारा मागून आहे. विमान जमिनीवरून भराभर सरकतंय, तुमच्या ते लक्षात आलं नाही, आणि फायनलला वळेपर्यंत धावपट्टीची मधली रेषा ओलांडली गेली. आता धावपट्टीकडे परत यायला जास्त वळायला हवं. पण सरांनी सांगितलंय, खाली असताना जास्त तिरकं करायचं नाही. मग पाय आपोआप आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल) दाबतो, नाक धावपट्टीकडे ओढायला. रडर दाबल्यामुळे विमान आणखी तिरकं होऊ लागतं, म्हणून हात उलट्या दिशेला एलेरॉन (विमान तिरकं करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) देतो. नाक खाली पडतंय असं दिसतं, म्हणून हात योक (विमानाचं सुकाणू) मागे ओढतो. तिन्ही गोष्टी करणाऱ्याला सावधपणाच्या वाटतात. एकत्र आल्या की त्याच स्पिनची, म्हणजे गरगरत कोसळण्याची, सुरुवात असतात. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरायचं बळ गमावतो, विमान आतल्या बाजूला पालथं होऊ लागतं, आणि तुम्ही 500 फुटांच्या खाली असता. त्यातून बाहेर पडायला तेवढी उंची पुरत नाही.

तिरकेपणा स्टॉलचा वेग कसा वाढवतो ते आकड्यांत बघा. फ्लॅप नसताना, सरळ उडताना 172 एस 48 नॉटला स्टॉल होतं. उंची टिकवत 30 अंश वळलात तर तो वेग 52 च्या आसपास जातो. 45 अंशांना 57. 60 अंशांना 68, म्हणजे बेस लेगवर तुम्ही साधारण ज्या वेगाने उडता त्याच्या अगदी शेजारी.

म्हणून पाठ करायचं ते एवढंच: सर्किटमध्ये 30 अंशांपेक्षा जास्त तिरकं नाही, आणि बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी) मध्यावर. त्यात धावपट्टी मिळत नसेल तर पंख सरळ करा, पॉवर पूर्ण द्या आणि वर जा. रेषा ओलांडली म्हणून कुणी मेलेलं नाही. ती ओढून-ताणून परत मिळवताना माणसं गेली आहेत.

फायनलवर

आधी धावपट्टी तुमचीच आहे का ते बघा. तिच्यावर रंगवलेला आकडा आणि दिशादर्शकावरचा आकडा जुळतोय का? हे सांगण्यासारखं वाटणार नाही, पण मुंबईत जुलै 1953 मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. कॉमेट काही दिवसांनी तिथूनच उडवून नेलं, डीसी-8 मात्र धावपट्टीच्या पुढे जाऊन कामातून गेलं. दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही. पण चालवणारे अनुभवी होते, तुमच्यापेक्षा कितीतरी.

मग नेमबिंदू धरा. धावपट्टीवरच्या आकड्यांवर किंवा त्यांच्या थोडं पुढे एक जागा निवडा आणि काचेवर ती कुठे दिसते ते लक्षात ठेवा. ती काचेवर वर सरकली तर तुम्ही अलीकडे पडणार. खाली सरकली तर पुढे जाणार. जागच्या जागी राहून नुसती मोठी होत गेली तर तुम्ही बरोबर तिथेच चाललाय. धावपट्टीच्या बाजूला पापीचे, म्हणजे उताराचा कोन दाखवणारे, दिवे असतील तर दोन पांढरे, दोन लाल. चारही लाल दिसले तर तुम्ही फार खाली आहात, आत्ताच पॉवर द्या.

उताराचा साधा हिशेब असा: जमिनीवरचा वेग गुणिले पाच, तेवढे फूट दर मिनिटाला खाली. 65 नॉटला 325 फूट. उताराच्या काट्यावर 700-800 दिसत असतील तर काहीतरी चुकलंय.

वेग 65. पूर्ण फ्लॅपला 60 ते 70 च्या मध्ये ठेवा असं हँडबुक सांगतं. झुळका येत असतील तर झुळकेच्या फरकाच्या निम्मे वाढवा: वारा 8, झुळूक 16, तर 4 नॉट. त्याहून जास्त नाही. वेग जास्त असला तर सुरक्षित, हा समज फार खोलवर बसलेला असतो. 65 ऐवजी 75 ने आलात तर विमानातली ऊर्जा 33 टक्क्यांनी वाढली. ती ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. धावपट्टीच्या वर विमान तरंगत राहतं, कारण पंखांच्या रुंदीएवढ्या उंचीच्या खाली, म्हणजे 172 ला 36 फुटांच्या खाली, जमिनीजवळची हवा विमानाला उचलून धरते. धावपट्टी खालून सरकत जाते, विद्यार्थी अस्वस्थ होतो आणि विमान जबरदस्तीने खाली टेकवतो. टेकतं ते पुढचं चाक.

300 फुटांना स्वतःला मोठ्याने विचारा: मधल्या रेषेवर आहे का? वेग 65 ते 70 आहे का? फ्लॅप लागले का? चेक झाले का? एकाही प्रश्नाला नाही आलं तर उतरायचं नाही. 300 फूट हा आकडा माझा आहे. तुमच्या संस्थेत 500 असेल तर 500 पाळा.

नव्या विमानतळावर गेलात तर डोळा फसतो, हेही माहीत असू द्या. 45 मीटर रुंद धावपट्टीवर शिकलेला मुलगा निम्म्या रुंदीच्या धावपट्टीवर गेला की त्याला आपण उंच आहोत असं वाटतं, आणि तो नकळत खाली येतो. अरुंदवरून रुंदवर गेलेला उलट करतो, जमिनीपासून बराच वर असतानाच नाक उचलतो.

टेकताना

धावपट्टीच्या सुरुवातीवर पोचलात की नजर हलवा. नाकासमोरचं डांबर बघू नका, ते पुसट पळत असतं आणि त्यावरून उंची कळत नाही. नजर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला न्या. क्षितिज वर येतंय, धावपट्टीच्या कडा बाजूंनी पसरताहेत, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळू लागतं. उतार थांबवा, थ्रॉटल बंद करा, आणि विमानाला टेकू देऊ नका. हे वाक्य विद्यार्थ्यांना विचित्र वाटतं, पण हेच लँडिंग आहे. विमान खाली बसायला लागलं की थोडं मागे ओढा, पुन्हा बसायला लागलं की आणखी थोडं. वेग संपत जातो, नाक वर जात राहतं, आणि उडायचं बळ संपलं की मागची दोन चाकं आपसूक टेकतात. पुढचं चाक त्या वेळी हवेत असतं. ते हळूच खाली येऊ द्यायचं.

आता चुका. मागे जास्त ओढलंत आणि विमान फुग्यासारखं वर गेलं, तर योक पुढे ढकलू नका. आहे तिथेच धरा, थोडी पॉवर द्या, विमान पुन्हा बसू लागलं की पुढचं ओढणं चालू करा. फार वर गेलंय असं वाटलं तर पॉवर पूर्ण आणि गो-अराउंड.

उसळीची गोष्ट जास्त गंभीर आहे. एका सकाळचं सांगतो. सोळा-सतरा तास झालेला एक मुलगा, हात चांगला, त्या दिवशी 72 नॉटने आला होता. मी मुद्दाम गप्प होतो. चाकं टेकली आणि विमान चार-पाच फूट उडालं. काचेत फक्त आकाश दिसत होतं. त्याने जे केलं ते कोणताही माणूस करेल: नाक वर दिसलं म्हणून योक पुढे ढकललं. आता काचेत डांबर भरलं. पुढचं चाक आपटलं, त्या आवाजाने हेडसेटमध्येही दोघांचे श्वास अडकलेले ऐकू आले, आणि विमान पहिल्यापेक्षा उंच उडालं. त्याची मनगटं पुन्हा पुढे निघाली होती. मी माझा हात योकमागे घट्ट रोवला आणि दुसऱ्या हाताने थ्रॉटल पूर्ण आत दाबलं. विमान डळमळत धावपट्टीवरून गेलं आणि हळूहळू चढू लागलं. उतरल्यावर त्याने सांगितलं, "सर, मी ढकललं हे मला आठवतच नाही."

त्याला आठवत नव्हतं, कारण ढकलणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे. आणि विमान तुमच्या हालचालीला थोडं उशिरा उत्तर देतं, म्हणून तुम्ही ढकलता तेव्हा ते आधीच खाली येत असतं आणि ओढता तेव्हा आधीच वर निघालेलं असतं. प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दणक्याला पुढचं चाक जातं. हे हातांनी जुळवून घ्यायचा प्रयत्न करू नका, माणसाचा हात तेवढा जलद नाही.

म्हणून उसळीचा नियम कोरडा पाठ करा. लहान उसळी, विमान जेमतेम सुटलंय: नाक लँडिंगच्या स्थितीत धरून ठेवा, जरा पॉवर, पुन्हा बसू द्या. मोठी उसळी, किंवा दुसरी उसळी: पॉवर पूर्ण, गो-अराउंड. योक पुढे कधीही नाही. खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, डाव्या हातात योक आणि उजव्या हातात थ्रॉटल धरल्याची कल्पना करून हे रोज दहा वेळा करा. त्या मुलाला मी तेच सांगितलं होतं.

वारा आडवा असेल तर

आडव्या वाऱ्याचा अंदाज घड्याळावर काढा, अंशांना तासातली मिनिटं समजून. वारा धावपट्टीपासून 15 अंश बाजूला तर त्याचा पाव भाग आडवा, 30 अंशांना निम्मा, 45 ला पाऊण, 60 च्या पुढे पूर्ण धरा. धावपट्टी 27 (म्हणजे 270 अंशांची दिशा), वारा 240 वरून 12 नॉट: फरक 30 अंश, आडवे 6 नॉट. 172 एसवर 15 नॉटपर्यंतचा आडवा वारा करून दाखवलेला आहे. ती चाचणी वैमानिकाची गोष्ट. सोलो विद्यार्थ्याची मर्यादा इन्स्ट्रक्टर ठरवतील, ती बरीच कमी असते.

पद्धत मी एकच शिकवतो. फायनलवर नाक वाऱ्याकडे वळवून या. नाक उचलायच्या थोडं आधी रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणा आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख जरा खाली घाला, म्हणजे विमान वाहून जाणार नाही. वाऱ्याकडचं चाक आधी टेकेल. टेकू द्या. नाक तिरकं ठेवून किंवा बाजूला सरकत टेकलात तर चाकांच्या पायांवर आडवा ताण येतो, आणि तो सोसायला ते बनवलेले नाहीत.

टेकल्यावर एलेरॉन मध्यावर आणू नका. वेग कमी होईल तसं वाऱ्याच्या बाजूला आणखी फिरवत न्या, पूर्ण फिरेपर्यंत.

टेकल्यानंतर

अपघातांचा एक मोठा गठ्ठा इथला आहे, कारण चाकं टेकली की विद्यार्थी श्वास सोडतो. योक मागे धरून ठेवा. पुढे सोडलंत तर सगळं वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. हातगाडी उलटी ढकलावी तसं विमान नाकावर पळू लागतं आणि कुठल्याही बाजूला फिरू शकतं. ब्रेक दोन्ही पायांनी सारखे आणि हळू. पावसाळ्यात तर फारच हळू: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या नऊ पट असतो. 36 पौंड दाब असेल तर 54 नॉट. त्या वेगाच्या वर ब्रेक दाबून उपयोग नाही.

फ्लॅप, ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी सोय), रेडिओ, दिवे, यातलं काहीही धावपट्टी सोडून थांबल्याशिवाय हाताळू नका. चाकं आत घेणाऱ्या विमानात घाईघाईने फ्लॅप वर करताना चाकांचा दांडा ओढला गेल्याची उदाहरणं जगभर आहेत.

शेपटीकडे चाक असलेलं विमान उडवायला मिळालं तर ही सगळी शिस्त दुप्पट लागते. त्यात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून शेपूट जरा बाजूला गेली की ती पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गरकन फिरतं. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल आणलं ते पस मॉथ याच जातीचं होतं, आणि ते उतरलं जुहूच्या मातीच्या मैदानावर.

कुत्री, नीलगाई, रानडुकरं: लहान विमानतळांवर कुंपण कितीही असलं तरी फायनलवर धावपट्टी पूर्ण लांबी बघून घ्या. काही हललं तर वर जा.

गो-अराउंड

आत्तापर्यंत प्रत्येक अडचणीचं उत्तर मी हेच दिलंय, म्हणून ते नीट यायला हवं. बिघडलेलं लँडिंग वाचवायला केलेलं गो-अराउंडही बिघडू शकतं.

पहिलं, थ्रॉटल पूर्ण आत, दोन सेकंदांत, झटका न देता. कार्ब्युरेटर असलेल्या विमानात कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा, बंद. त्याच क्षणी दोन गोष्टी होतील. ट्रिम लँडिंगसाठी लावलेला असल्यामुळे नाक जोरात वर जाईल, आणि ते डावीकडे वळेल. म्हणून नाक हाताने दाबून चढाईच्या कोनात धरा आणि उजवा रडर द्या. दाबायला जोर लागतो. हा जोर पहिल्यांदाच सोलोमध्ये अनुभवू नका, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना पूर्ण फ्लॅप आणि पूर्ण ट्रिमवर करून बघा.

दुसरं, फ्लॅप 30 वरून 20 वर लगेच. वेग 60. सगळे फ्लॅप एकदम वर केले तर विमान बसतं, आणि खाली जागा नसते. वर जातंय याची खात्री झाली की 10, अडथळे ओलांडले की शून्य.

तिसरं, आणि हे शेवटी: एटीसीला (विमान वाहतूक नियंत्रणाला) सांगा. टॉवरला तुमचं विमान दिसतंय. आधी विमान सांभाळा.

माझा नियम असा की दर चौथं सर्किट गो-अराउंडचं, लँडिंग कितीही छान जुळून आलेलं असलं तरी. त्यामुळे ते अपयश वाटेनासं होतं. मुलांना पैशांची काळजी असते, तासाचे पैसे घरच्यांनी कर्ज काढून भरलेले असतात, एक सर्किट वाया गेलं असं वाटतं. मला ते कळतं. म्हणूनच सांगतो, लॉगबुकात ती वेळ पूर्ण मोजली जाते.

मोडलंच तर

विमान थांबेपर्यंत चालवत राहा. मग मिक्स्चर बाहेर, फ्युएल बंद, मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, पट्टे सोडा, बाहेर पडा आणि वारा जिकडून येतोय तिकडे चालत दूर जा. प्रोपेलरच्या बाजूने जाऊ नका. विमान हलवायचं नाही, सुटे तुकडे गोळा करायचे नाहीत. अपघाताची चौकशी विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे जाते आणि त्यांना जागा जशी होती तशी हवी असते. विचारतील ते खरं सांगा. ब्युरोचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुले आहेत, शिकाऊ विमानांचेही. आठवड्याला एक वाचा.

आणि काही मोडलेलं दिसलं नाही, पण दणका बसला हे तुम्हाला कळलं, तर? तेव्हा काय करायचं याबद्दल एका मुलीचं सांगतो. सोलोवर होती, तिसऱ्या लँडिंगला विमान जोरात बसलं. टॅक्सी करून आली, विमान नेहमीसारखं उभं केलं. फिरून बघितलं, काही दिसलं नाही. टॉवरमधून कुणी काही बोललं नव्हतं, मीही बघितलं नव्हतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मला वाटतं पुढचं चाक आधी टेकलं." तिने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, ते लिहिलं. इंजिनिअरने काउलिंग (इंजिनवरचं झाकण) काढलं, टॉर्च आत घातला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग तिला बोलावून फायरवॉलवरची बोटभर लांबीची सुरकुती दाखवली. तिच्या टोकाला दोन रिव्हेटभोवतीचा रंग उडाला होता.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला त्याच विमानावर दुसऱ्या एका मुलाची पहिली सोलो लावलेली होती. फळ्यावरचं त्याचं नाव पुसून आम्ही दुसऱ्या विमानापुढे लिहिलं.